विसापर्यंत

मस्टर्डच्या पिवळ्या बाटलीमागे ती अजून होती. तपकिरी काच, अंगठ्याहून थोडी उंच, गळ्याशी रबराने बांधलेली बिनसुईची बारीक पिचकारी—आणि काचेतून दिसणारी औषधाची पातळी, अर्ध्याच्या जराशी वर. हाल्वर नेस्टेबी फ्रिजचं दार धरून उभा राहिला. दूध घ्यायला दार उघडलं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण हात दुधाकडे जाईना. आतली मोटर घरघरायला लागली, पायांवर गार हवा यायला लागली, आणि त्याच्या मनात आलं, सिग्रिड असती तर म्हणाली असती, दार लाव, सगळ्या डलूथ गावाला गारवा पुरवायचा मक्ता घेतलायस का... पण सिग्रिड असती तर बाटली मस्टर्डमागे नसती. तिच्या उशाशी असती, स्टुलावर, आणि शेजारी त्याची काळी वही.

सिग्रिडला जाऊन सतरा दिवस झाले होते.

ती गेली त्या सकाळी ड्यूटीवरची नर्स अनोळखी होती, पंचविशीची असेल. घरीच मरू इच्छिणाऱ्यांची देखभाल करणारी जी संस्था होती, तिचा नियम असा की माणूस गेलं की घरातली उरलेली गुंगीची औषधं नर्सने तिथल्या तिथे नष्ट करायची आणि घरच्या माणसाने साक्षीदार म्हणून सही करायची. तिने कागदावरून वाचलं. गोळ्या, आहेत. पहिली बाटली, रिकामी. दुसरी बाटली? आणि हाल्वर म्हणाला, सांडली. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे—काळा झगा घातलेला, एक्केचाळीस वर्षांचा, शपथेसाठी हात वर केलेला हाल्वर—आणि 'सांडली' असं लिहून टाकलं. जो माणूस नऊ वर्षं फेडरल जज होता, मग चार वर्षं देशाच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचा प्रमुख, तो एवढ्याशा मॉर्फीनबद्दल खोटं कशाला बोलेल?

सांडली... त्याच्या कोर्टात हाच शब्द किती जणांनी वापरला होता. हॉस्पिटलातले मदतनीस, औषधांच्या दुकानातली माणसं, एक दंतवैद्य. तो चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायचा, आणि ते ओशाळायचे.

बाटली त्याने स्वतः प्यायला ठेवली नव्हती. तसलं काही डोक्यात नव्हतं. खटला चालू असताना पुरावा नष्ट करत नाहीत, एवढंच. आणि हा खटला संपला नव्हता. सिग्रिडला शेवटच्या आठवड्यात दुखलं का, आणि औषध घरात असताना, अर्ध्याहून जास्त बाटली शिल्लक असताना, ते माझ्यामुळे दुखलं का—प्रश्न एवढाच होता. आरोपी मी, न्यायाधीशही मी. साक्षीदार मात्र गेली.

दोन वाजता हेल्मी येणार होती. हेल्मी काँगास, नेहमीची नर्स. मागे राहिलेल्या माणसाला पंधरा-वीस दिवसांनी एकदा भेटून जायचं, हाही त्या संस्थेचा नियम. हेल्मीपुढे आज वही आणि बाटली ठेवायची, असं त्याने काल ठरवलं होतं. परवाही ठरवलं होतं.

त्याने फ्रिज बंद केला. कॉफी बिनदुधाचीच प्याला.

ओट्यावर मर्ना ओल्स्टाडचं काचेचं भांडं घासून ठेवलेलं होतं, बुडाला चिकटपट्टी आणि तीवर तिचं नाव. सिग्रिड गेल्यावर आठवडाभर अशी भांडी येत राहिली; खिमा, बटाटे, वर चीज, प्रत्येकीच्या हातची हॉटडिश जवळजवळ एकाच चवीची. भांडं परत करायला जावं लागतं. त्यासाठीच चिकटपट्टी लावत असावेत, असं त्याला आता वाटायला लागलं होतं. माणूस घराबाहेर पडतो.

मर्ना तीन घरं सोडून राहायची. तिने दारातच भांडं उलटं करून बघितलं आणि म्हणाली की चांगलं घासलंयस, सिग्रिडने पन्नास वर्षांत एवढं तरी शिकवलं म्हणायचं. मग विचारलं, कसा आहेस.

"ठीक," तो म्हणाला. "वाईट नाही."

"तेच म्हणते," मर्ना म्हणाली, आणि दोघंही खालच्या तळ्याकडे बघत राहिले. बर्फ फुटून त्याचे तुकडे किनाऱ्याला लागले होते. मर्नाचा नवरा रॉल्फ हृदयाचा झटका येऊन स्वयंपाकघरात पडला तेव्हा स्ट्रेचर घेऊन आलेल्या पोरांना म्हणाला होता, तुम्हाला उगीच त्रास, तसं फार नाहीये. ही गोष्ट मर्ना स्वतःच सांगायची, रॉल्फच्या क्रियाकर्मालाही तिने ती सांगितली आणि सगळं चर्च हसलं. आमच्यात दुखतंय असं कुणी म्हणत नाही. हाल्वरची आई कमरेचं हाड मोडलेलं असताना दोन दिवस चुलीपाशी उभी होती.

परत येताना चढावर त्याला दम लागला. तो थांबला, आणि मनात मोजायला लागला. जुनी खोड.

शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला विचारायचं असतं—तुला काही सांगायचंय का? कायदाच आहे तसा. विचारायचं राहिलं तर वरचं कोर्ट शिक्षा रद्द करून प्रकरण परत पाठवतं. बहुतेक जज विचारायचे आणि दुसऱ्या श्वासाला कागद उचलायचे. हाल्वर विचारायचा आणि मनात विसापर्यंत मोजायचा. वकिलांनी त्याला 'नेस्टेबीचे वीस' असं नाव पाडलं होतं. नवख्या वकिलाला जुने सांगायचे, मध्ये बोलू नकोस, म्हातारा मोजतोय. तेव्हा तो म्हातारा नव्हता. पहिल्याच वर्षी त्याच्या लक्षात आलं होतं, माणूस आधी म्हणतो, नाही साहेब, काही नाही, ठीक आहे. दहापर्यंत तो स्वतःचे बूट बघतो. बारा-तेराला घसा खाकरतो. चौदाच्या आसपास बोलायला लागतो, आणि चौदानंतर जे बोलतो ते खरं असतं. त्यामुळे शिक्षा फारशी बदलायची नाही. किती ग्रॅमला किती वर्षं हे आकडे कायद्याने आधीच बांधून ठेवले होते, आणि ते वाचून दाखवताना हाल्वरला स्वतःचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या भोंग्यासारखा वाटायचा. पण त्या माणसाचं कुणीतरी ऐकलेलं असायचं. तेवढं तरी.

त्या आकड्यांनाच तो कंटाळला होता. खाली बसून एकेक थेंब पुसण्यापेक्षा वर जाऊन नळ बंद करावा, असं त्याला वाटायला लागलं होतं, आणि नेमका तेव्हाच वॉशिंग्टनहून फोन आला. जजची जागा मरेपर्यंतची असते, तिथून कुणी हलवू शकत नाही. ती सोडायची, आणि जी कुठल्याही सकाळी जाऊ शकते अशी खुर्ची घ्यायची. त्याने स्वयंपाकघरात येऊन सिग्रिडला सांगितलं. ती ग्लास पुसत होती. गावच्या वाचनालयात मुलांचा विभाग तिच्याकडे होता, शनिवारी ती गोष्टी सांगायची, पोरं जमिनीवर पोटावर झोपून ऐकायची. ती म्हणाली, "चांगलंय."

आणि हाल्वरने फोन उचलून होकार कळवला.

मी किती मोजले असतील? दोन? तेवढेही नाही. ती तोच ग्लास पुसत राहिली होती—हे दिसलं होतं मला, कोरडा झालेला ग्लास ती पुसत होती, आणि मी नंबर फिरवत होतो.

वॉशिंग्टनमध्ये त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. टन असायचे, एकर असायचे, विमानांचे मार्ग, नकाशे, संसदेच्या समितीपुढे उत्तरं. भाषणं तो चांगली करायचा. चार वर्षांत त्याने एकाही माणसाला विचारलं नाही की तुला काही सांगायचंय का. सिग्रिड सहाव्या मजल्यावरच्या घरात, समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत... काय करायची ती दिवसभर? लोकरीचे मोजे विणायची, हे त्याला आठवतं. घरात मोजे खूप झाले होते.

त्याच काळात दुखण्यावरच्या कडक औषधांसाठी त्याने एक नियम काढला—ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या प्रमाणाबाहेर, त्यांची यादी, चौकशी. तो नियम चुकीचा होता असं त्याला आजही म्हणवत नाही; खोट्या चिठ्ठ्या विकून बंगले बांधलेले डॉक्टर त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण घाबरले ते दुसरेच. पत्रं यायला लागली. एक पत्र चुकून घरच्या टपालात आलं होतं, एल्डन रस्क नावाच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाचं, पेन्सिलने लिहिलेलं. बायकोला हाडांचा कॅन्सर होता, डॉक्टर म्हणाला तुमच्या खात्याची भीती वाटते, ती उशीचा अभ्रा दातांनी फाडत गेली, साहेब, एवढंच कळवायचं होतं. सिग्रिडने ते नाश्त्याच्या टेबलावर वाचलं, घडी केली आणि विचारलं की याला उत्तर देणार का. तो म्हणाला, ऑफिसातून जाईल. ठरलेला मजकूर होता, सही यंत्राने व्हायची.

"हो का," सिग्रिड म्हणाली.

मग राष्ट्राध्यक्ष बदलले, दोन ओळींचं पत्र आलं आणि खुर्ची गेली. ते डलूथला परतले. वाचनालयातली तिची जागा भरलेली होती. लोक मात्र त्याला जजच म्हणत राहिले, दुसऱ्या कामाचा उल्लेख कुणी करायचं नाही, जसा एखाद्याच्या तुरुंगातल्या मुलाचा करत नाहीत.

घरी येऊन त्याने कोट न काढताच वही उघडली.

कोर्टात वापरायचा तसलीच वही, कापडी पाठीची. एक कोरी उरली होती. रकाने त्याने पट्टीने आखले होते. वेळ. दुखणं दहापैकी किती. दिलेलं औषध. शेरा. डॉक्टरांनी लिहिलं होतं, गरज वाटल्यास दर दोन तासांनी. गरज वाटल्यास म्हणजे काय? कुणाला वाटल्यास? त्याने सरळ मार्ग धरला होता, तिलाच विचारायचं. साक्षीदार शुद्धीवर आहे, खोटं बोलायचं तिला कारण नाही, तर तिचा शब्द मानायचा.

पहिली नोंद सोमवार, सकाळी नऊ. दुखणं, सात.

सतरा दिवसांत ही वही त्याने रोज शेवटून वाचली होती. पहिलं पान आज प्रथमच नीट बघत होता. सात. मग अकरा वाजता, तीन. शेरा—औषध लागू पडलं. एक वाजता, तीन. तीन. मंगळवारी तीन, तीन, एकदा चार, ते खोडून पुन्हा तीन. बुधवारी सगळे तीन...

नऊ आणि अकराच्या मध्ये काय झालं होतं?

ती सात म्हणाली. त्याने औषध दिलं, पाव मिलीच्या रेघेपर्यंत, तिच्या गालाच्या आत. मग तो कोठीच्या खोलीत गेला. दार लावलं. दाराच्या खिळ्याला तिचा स्वयंपाकाचा एप्रन टांगलेला होता, त्यात तोंड खुपसून तो... किती वेळ कोण जाणे. तिचा पलंग भिंतीपलीकडेच होता. ती भिंत लाकडी फळ्यांची, पलीकडून साखरेचा डबा उघडला तरी ऐकू येतं. बाहेर आला तेव्हा तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि अकरा वाजता म्हणाली, तीन.

तिला खोटं बोलायचं कारण होतं.

हाल्वरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. गुरुवारचं पान. दुपारी तीन वाजता, दुखणं तीन, औषध पाव मिली. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं—चादरीच्या काठाला चुण्या घालत होती. आणि पाच वाजता, पुन्हा—चुण्या, अगदी बारीक. म्हणजे मी बघितलं होतं. बघितलं, लिहून घेतलं आणि पान उलटलं. मर्नाने सांगितलेली रॉल्फची गोष्ट ऐकून सगळ्या चर्चबरोबर मीही हसलो होतो, पुढून दुसऱ्या बाकावर बसून, आणि माझ्याच घरात 'तीन' ऐकलं तेव्हा मी ते तीन म्हणून लिहिलं.

बेल वाजली तेव्हा त्याच्या अंगात कोट तसाच होता.

हेल्मीने दारात बूट काढले, जाड मोज्यांवर आत आली. ती उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावातली, साठीला टेकलेली, आवाज पुरुषी. तिने त्याला खालून वर बघितलं.

"दाढी केलीत, कोट घातलात. कुठे निघालात, जजसाहेब, का मला कोर्टात उभी करायचीय?"

त्याने फ्रिज उघडला, मस्टर्ड बाजूला केली आणि बाटली आणून टेबलावर तिच्यासमोर ठेवली. हेल्मी बाटलीकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"ही सांडली होती म्हणे."

"खोटं बोललो."

"बरं." तिने बाटली उजेडात धरली, पातळी बघितली. "घेतलीत का यातली?"

"नाही."

"घ्यावीशी वाटली?"

"नाही. ते नाही." त्याने वही उघडून तिच्यापुढे सरकवली. "हे वाच. पहिल्यापासून."

तिने वाचलं. बोट रकान्यातून खाली नेत, सावकाश, कुठेही न थांबता. हाल्वर उभाच होता. त्या शेवटच्या शुक्रवारी ती आली होती, सिग्रिडच्या पलंगापाशी दोन मिनिटं नुसती उभी राहिली होती आणि मग त्याला बाहेर बोलावून म्हणाली होती, आता विचारणं बंद करा, हातांकडे बघा. तो म्हणाला होता, तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही का मी? आणि हेल्मी म्हणाली होती, जजसाहेब, तुमच्या बायकोचं तीन म्हणजे माझ्या गावातलं आठ. तिने लगेच औषध दुप्पट केलं. शनिवारी सिग्रिडची बोटं चादरीवर पसरून पडली होती, सैल. रविवारी ती गेली.

हेल्मीने वही मिटली. अक्षर फार छान आहे, म्हणाली.

"कमी पडलं का?"

"गोड सांगू की खरं?"

"खरं."

"बुधवारी थोडं कमी पडलं. गुरुवारी बरंच. शुक्रवारी दुपारनंतर नाही."

"म्हणजे दोन दिवस."

"दोन दिवस."

ती पुढे काही बोलली नाही, आणि त्याबद्दल त्याला तिचे आभार मानावेसे वाटले. निकाल लागला की काहीतरी होईल असं त्याला सतरा दिवस वाटत होतं—कोसळेल, नाहीतर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फ्रिजची मोटर चालू होती. एल्डन रस्कने पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, एवढंच कळवायचं होतं. त्याला उत्तर नकोच होतं, हे हाल्वरला आता कळलं, त्याला फक्त कुणीतरी ते वाचून गप्प बसायला हवं होतं. सिग्रिड बसली होती.

"सकाळच्या कॉफीचा चोथा फेकलात का?" हेल्मीने विचारलं.

फेकला नव्हता. तिने प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात चोथा घातला, बाटली उलटी धरून शेवटच्या थेंबापर्यंत ओतली, भांडी घासायच्या साबणाची धार सोडली आणि पिशवी बाहेरून कणीक मळल्यासारखी मळायला लागली. काळा, ओला लगदा. कॉफीचाच वास आला. देशात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या अंमली मालाचा हिशेब एकेकाळी ज्याच्या टेबलावर यायचा, तो माणूस ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात जाताना बघत राहिला.

मग सहीचा कागद. तो त्याने सवयीने पूर्ण वाचला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"इथे 'नंतर सापडली' लिहिलंयस. सापडली नाही. लपवली होती."

"जजसाहेब, तुमची वही तुम्ही लिहिलीत. हा कागद माझा आहे."

त्याने सही केली.

हेल्मी उठली, पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात मागे राहिलेल्यांची बैठक असते म्हणाली, तुम्ही येणार नाही ते माहितीये, पण सांगायचा नियम आहे. दारापाशी स्टुलावर बसून तिने एक बूट चढवला. दुसरा हातात होता.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. "दहापैकी किती?"

"तीन," हाल्वर म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो त्याने ऐकला. सहज आला होता, विचार न करता, समोरच्याला उगीच त्रास नको म्हणून. असाच आला असेल तिच्याही तोंडातून, बारा वेळा, वीस वेळा, त्याच्याकडे बघत... आणि त्या तीनच्या आड काय असतं ते सांगायला शब्द शोधावे लागतात, घसा लागतो, आणि समोर कुणीतरी थांबलेलं लागतं.

हेल्मी उठली नाही. बूट मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली, त्याच्याकडे न बघता, जसं काही तिला कुठे जायचंच नव्हतं.

हाल्वरने मान खाली घातली. त्याच्या स्वतःच्या बुटांच्या नाड्या दिसल्या, एकीची गाठ सुटत आलेली. मर्नाकडून आल्यावर बूट काढायचे राहिले होते, जमिनीवर ओले ठसे उमटले होते. ते पुसायला हवेत, असं त्याच्या मनात आलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आत कुणीतरी मोजतंय, कधीपासून कोण जाणे, सावकाश, एका लयीत... नऊ. दहा. इतकी वर्षं मोजूनही हे अंक या बाजूने इतके लांब असतात हे त्याला माहीत नव्हतं. अकरा. बारा.

त्याने घसा खाकरला.

तेरा.